स्नायूला लाड चालत नाहीत

स्नायूला ढकलता येत नाही. त्याला फक्त ओढता येतं. माझी सगळी नोकरी या एका वाक्यावर चालली, पण कुणाच्या घरी जेवायला गेल्यावर हे सांगितलं की समोरचा माणूस हातात भजं धरून माझ्याकडे बघतच राहतो. "काहीतरीच काय! मग मी दार ढकलतो ते?" मी त्याच्या दंडाच्या मागच्या बाजूला बोट टेकवते आणि म्हणते, आता ढकला. तिथला स्नायू घट्ट होतो, कोपर सरळ ओढतो आणि म्हणून हात पुढे जातो. ढकलता तुम्ही, स्नायू आपला ओढतोच. तोपर्यंत भजं गार झालेलं असतं, पण माणसाला पटलेलं असतं.

मी फिजिओथेरपिस्ट. मूळची अमरावतीची, शिकले नागपुरात, आणि लग्न होऊन न्यू जर्सीत आले ती पार्सिपनीचीच झाले. इथे क्लिनिकमध्ये आयुष्य गेलं. आपली मंडळी मला अजून "त्या मसाजवाल्या" म्हणतात आणि मला अजून त्याचा राग येतो. मी मसाज करत नाही हो बाप्पा! मी माणसांना उठवते, बसवते, चालवते आणि ऐकलं नाही तर रागावते. यंदापासून काम आठवड्याचे दोन दिवसच ठेवलंय. तेवढ्यात या अंकवाल्यांनी गाठलं आणि म्हणाले, अनुभव लिहा. नोकरी कधी लागली, बढती कधी मिळाली हे वाचून कुणाचं भलं झालंय? त्यापेक्षा एका काकूंची गोष्ट सांगते. पण आधी थोडा धडा घ्यावा लागेल. जागेवर बसा.

हृदयाचा स्नायू वेगळा, आतड्याचा वेगळा. ते आपल्याला विचारत नाहीत. मी बोलतेय ते हाडांना बांधलेल्या, आपल्या हुकमात चालणाऱ्या स्नायूंबद्दल. मांडीवर हात ठेवा. हा एक गोळा वाटतो, पण आत केसासारख्या तंतूंच्या जुड्या असतात, अशा कितीतरी जुड्यांवर मिळून एक पातळ आवरण असतं, आणि टोकांना चिवट पांढरी दोरी असते ती हाडात रुतलेली असते. एकेका तंतूच्या आत आणखी बारीक धागे असतात, एक जाड जातीचे आणि एक बारीक. दोन्ही हातांची बोटं एकमेकांत अर्धी सरकवा. आता आणखी आत सरकवा. बोटांची लांबी कमी झाली का? नाही. पण दोन्ही तळवे जवळ आले. स्नायू आखूड होतो तो असा. जाड धागा बारीक धाग्याला पकडतो, ओढतो, सोडतो, पुन्हा पुढे पकडतो. आणि गंमत ऐका, सोडायलासुद्धा शक्ती लागते. माणूस गेल्यावर देह ताठ होतो तो त्यामुळेच, पकडलेलं सोडायला शक्ती उरलेली नसते.

या सगळ्याला हुकूम मेंदूकडून येतो, मज्जातंतूवाटे. मेंदू मोठा चिक्कू आहे. कप उचलायचा असेल तर तो कपापुरतेच तंतू कामाला बोलावतो. बाकीचे बसून राहतात. आणि ज्यांना कधीच बोलावणं येत नाही, ते रोडावतात. शरीर रिकामटेकड्याला पोसत नाही.

हे सगळं शिकलेल्या लोकांना माहीत असेल असं तुम्हाला वाटतं ना? जर्सी सिटीतल्या एका पुणेरी मुलाची गोष्ट ऐका. उंच इमारतीत राहायचा, मॅनहॅटनला बँकेत काम करायचा. एके दिवशी इमारतीत आगीची घंटा वाजली, लिफ्ट बंद झाली, आणि हा तिसाव्या-पस्तिसाव्या मजल्यावरून जिन्याने खाली आला. आग वगैरे काही नव्हती, कुणाचा तरी टोस्ट करपला होता. दोन दिवसांनी माझ्याकडे आला तो भिंत धरून. "मॅडम, मला काहीतरी सिरियस झालंय. मांड्या हात लावू देत नाहीयेत. आणि यार, मी चढलोसुद्धा नाही, फक्त उतरलो!"

अरे बाबा, उतरलास म्हणूनच! चढताना स्नायू आखूड होत होत काम करतो. उतरताना तोच स्नायू ताणला जात जात अंगाचं वजन धरून ठेवतो, हळूहळू सोडतो. विहिरीत घागर सोडताना दोर हातातून जपून सोडावा लागतो, तसं. तेव्हा श्वास लागत नाही म्हणून फुकटचं काम वाटतं, पण तंतूंवर ताण जास्त येतो, आणि सवय नसेल तर दुसऱ्या दिवशी हिशेब होतो. मी त्याला सांगितलं, लघवीचा रंग चहासारखा झाला, म्हणजे तुटलेल्या तंतूंचा कचरा मूत्रपिंडात उतरला, तर तडक हॉस्पिटल गाठ, नाहीतर पाणी पी, हळूहळू चाल, आठवड्यात बरा होशील. झालाही. वर मलाच म्हणाला, "तुम्ही पट्टीबिट्टी काही लावलीच नाही." लोकांना पट्टी लागते.

तर आता शरयूकाकू. बहात्तरीच्या, मिरजेच्या. नवरा गेल्यावर पहिल्या मजल्यावरच्या, बिनलिफ्टच्या घरात एकट्या राहत होत्या आणि आसपासच्या चार-सहा बायकांना घेऊन पापड-सांडग्यांचा उद्योग चालवत होत्या. मुलगा मंदार आमच्या ओळखीचा, इथे एका कंपनीत सॉफ्टवेअरमध्ये, सून केतकी औषध कंपनीत. काकू दसऱ्याच्या सुमाराला सहा महिन्यांसाठी आल्या, नोव्हेंबरअखेर थँक्सगिव्हिंगच्या आठवड्यात न्यूमोनिया झाला, हॉस्पिटलात राहिल्या, बऱ्या झाल्या, घरी आल्या. फुप्फुसं साफ झाली होती. जानेवारीत मंदारचा फोन आला.

"ताई, आईला थोडे एक्सरसाइज शिकवाल का? बसल्या बसल्या करता येतील असे."

मी मनात म्हटलं, झालं!

शनिवारी गेले. काकू दिवाणखान्यात एका भल्यामोठ्या खुर्चीत होत्या. त्या खुर्चीला बटण होतं. दाबलं की खुर्चीच मागून वर उचलली जाई आणि माणसाला अलगद उभं करी. पायावर शाल, हाताशी पाणी, घंटी, रिमोट. काकूंनी मला बघून पुढे व्हायला हात टेकले, तेवढ्यात नात धावत आली. "आजी, नो! यू आर नॉट सपोज्ड टू!" आणि तिने बटण दाबलं. काकू दळणाच्या पोत्यासारख्या वर आल्या.

आमच्या लोकांत प्रेम करायची ही एकच रीत आहे. आजारी माणसाला हलू द्यायचं नाही. "तू बस गं, मी आणते." पाणी आणून द्यायचं, चप्पल पायात घालून द्यायची, जेवण ताटाऐवजी वाटीत, चमच्याने. आणि जेवण तरी काय? मऊ भात, साबुदाण्याची खीर, रव्याची खीर. "हलकं हवं ना!" केतकी म्हणाली. ती बिचारी पहाटे उठून खीर करत होती, मग कॉल्सना बसत होती. तिला काय बोलणार? पण मी बोलले. स्नायू बांधायला डाळ लागते, उसळ लागते, दही-पनीर लागतं. खिरीवर मांडी उभी राहत नाही.

मी काकूंची साडी गुडघ्यापर्यंत वर घेऊन मांडी हातात धरली. माझ्या दोन्ही हातांची बोटं सहज जुळली. मग माझ्याकडे पकड मोजायचं यंत्र असतं, ते त्यांच्या हातात दिलं. त्यांनी दाबलं. मग मंदारला दिलं. काटा आईपेक्षा खाली थांबला. सगळे हसले, काकू सोडून.

"उडदाचं पीठ कुटलंय जन्मभर. त्याने काय, माउस हलवलाय," त्या म्हणाल्या. मग माझं मनगट धरून, आवाज खाली आणून म्हणाल्या, "अलका, मला इथून ने. म्हणजे माझ्या घरी पोचव. होळीनंतर पापडाचा सीझन सुरू होतो. मी नसले तर त्या बायका पापडखार जास्त घालतील. आणि हा माझे कागद करतोय."

खरंच करत होता. मंदारने आईला कायमचं इथे ठेवून घ्यायचं ठरवलं होतं. वकिलाकडे ग्रीन कार्डचे कागद तयार होते. एकदा ते दाखल केले की परवानगीशिवाय देशाबाहेर जाता येत नाही, आणि परवानगीला महिने लागतात. काकूंचे सहा महिने पाडव्यानंतर संपणार होते. त्याआधी एक तर विमानात बसायचं, नाहीतर इथे अडकायचं.

मी मंदारला स्वयंपाकघरात घेतलं. वाद घालायच्या तयारीने गेले होते, पण तो रडायलाच लागला. "ताई, बाबा बाथरूममध्ये पडले तेव्हा आई देवळात गेली होती. दीड तास ते तसेच फरशीवर होते. मी पोचलो तेव्हा सगळं झालं होतं. आता आई पडली तर तिला उठवायला कोण आहे तिथे?"

त्याचं चूक नव्हतं. इतकी वर्षं हे काम करून मला कळलंय की माणसं दुष्टपणाने आई-वडिलांना अंथरुणाला खिळवत नाहीत, घाबरून खिळवतात. अशा काही घरांत मी हरलेय. चांगली चालती बोलती माणसं प्रेमापायी खुर्चीत गेली आणि खुर्चीतून पलंगावर गेली. त्याचं मला अजून वाईट वाटतं. म्हणून मी त्याला सरळच विचारलं, "ती जमिनीवरून स्वतःची स्वतः उठली, तर जाऊ देशील?"

त्याने बाहीने नाक पुसलं. "कुणी हात न देता? काही न धरता?"

"स्वतःचा गुडघा धरेल. तो घरचाच आहे."

"मग देईन."

काकू बाहेरून ओरडल्या, "ऐकलं मी!"

डॉक्टरांना विचारून कामाला लागलो. पहिलं काम, त्या खुर्चीची वायर काढून मी माझ्या पिशवीत टाकली. दुसरं काम, साध्या लाकडी खुर्चीवर उशी ठेवून काकूंना बसायला शिकवलं. उठायला नाही, बसायला. "अगं, बसायचं काय शिकायचं? धपकन बसतेच की." तेच तर! धपकन नको. हळू, सावकाश, ओठांनी रामाचं नाव घेत खाली यायचं. तो जर्सी सिटीचा मुलगा जिना उतरताना जे करत होता, तेच काम, पण मापात. उठायची ताकद नसते तेव्हाही बसण्यातून मांडी तयार होते.

एका आठवड्यात त्यांना उशीवरून उठता यायला लागलं. मंदार म्हणाला, "बघा, मसल आले!" म्हटलं, एवढ्यात कुठले येतायत? मांडी अजून तेवढीच होती. पहिल्या काही आठवड्यांत वाढतो तो स्नायू नव्हे, हुकूम. मेंदू झोपलेल्या तंतूंना हाका मारायला शिकतो आणि जास्त जण एकदम हजर होतात. तंतू जाड व्हायला नंतर वेळ लागतो, डाळ लागते आणि रोजचा कंटाळा लागतो. काकूंनी तिन्ही दिलं. सोमवारी मटकी, मंगळवारी हरभरे, दोन्ही वेळा वाटीभर दही. केतकीने खीर बंद केली आणि मला म्हणाली, "ताई, मलाही बरंच वाटलं हो. मला खीर आवडत नाही."

फेब्रुवारीच्या शेवटी मी सतरंजी अंथरली. काकू जमिनीवर बसल्या. मंदार आणि मी दोन्हीकडे. उठायचं कसं ते ठरलेलं होतं, कुशीवर वळून गुडघ्यांवर यायचं, एक पाऊल पुढे टेकायचं, हात त्या गुडघ्यावर, आणि वर. काकू गुडघ्यांवर आल्या. पाऊल पुढे टाकलं. जोर लावला. अर्ध्यावर आल्या आणि मांडी थरथरायला लागली. अशी की साडीच्या निऱ्या हलत होत्या. आणि मंदारने काखेत हात घालून त्यांना उचललं.

मी इतकी ओरडले की नात वरच्या खोलीतून खाली आली.

"कुणी सांगितलं होतं तुला? सोड!"

"ताई, ती पडली असती!"

"पडली असती तर सतरंजीवर पडली असती. मी इथे कशाला उभी आहे, आरती ओवाळायला?"

"तुम्हाला काय, तुमची आई नाहीये ती!"

हे लागलं मला. पण मी मागे हटले नाही. त्याला तिथेच सतरंजीवर बसवलं आणि समजावलं. ती थरथर म्हणजे हार नव्हती. काही तंतू दमले होते आणि मेंदू उरलेल्यांना हाका मारत होता. नेमक्या त्याच क्षणी तू वजन काढून घेतलंस. मेंदूने म्हटलं, चला, काम झालं, कुणाची गरज नाही. आईला हात दिलास तेव्हा तिच्या मांडीला रजा दिलीस. गेले दोन महिने तू रोज तेच करतोयस, चांगल्या मनाने.

काकू सोफ्यावर धापा टाकत होत्या. थोड्या वेळाने म्हणाल्या, "मंदार, तू चालायला शिकलास तेव्हा किती वेळा आपटलास माहितीये? तुझे बाबा उचलायला धावायचे. मी त्यांचा सदरा मागून धरून ठेवायचे."

पुढचे काही शनिवार मंदारने हात पाठीमागे बांधून उभं राहायची सवय केली. खरं सांगते, काकूंपेक्षा त्याचा व्यायाम अवघड होता. त्याच्या खांद्याचे स्नायू बघून मला कळायचं. आई अर्ध्यावर आली की याचे दंड फुगायचे. एकदा केतकीने त्याचा शर्ट मागून खरंच धरून ठेवला.

होळीच्या दुसऱ्या दिवशी शनिवार होता. काकू सतरंजीवर बसल्या, कुशीवर वळल्या, गुडघ्यांवर आल्या, पाऊल टाकलं, हात ठेवला. मांडी थरथरली. कुणी हललं नाही. मग थरथरतच त्या वर आल्या. पूर्ण. पदर सारखा केला. कुणी काही बोलायच्या आत पुन्हा खाली बसल्या, सावकाश, रामाचं नाव घेत, आणि पुन्हा उठल्या. "एकदा उठले तर म्हणाल चुकून उठले," त्या म्हणाल्या.

मंदार फोन घेऊन दुसऱ्या खोलीत गेला. मला वाटलं रडायला गेला. तो तिकीट काढत होता.

निरोपाला मी नेवार्क विमानतळावर गेले. तिथे पाहते तो मंदारने व्हीलचेअर बुक केलेली! माझा पारा चढला. म्हटलं, अरे, एवढं सगळं कशासाठी केलं आपण? तर काकूच मला गप्प करत म्हणाल्या, "अलका, ही पायांसाठी नाही गं, इंग्लिशसाठी आहे. तिकडे आत ते काय काय विचारतात, आणि विमान बदलताना मैलभर चालवतात, कुठल्या दाराने जायचं कोण सांगणार? याच्यात बसलं की हा भाऊ बरोबर नेऊन सोडतो." आपल्याकडच्या निम्म्या धडधाकट आया अशाच येतात-जातात, हे मला आठवायला हवं होतं. काकू ऐसपैस बसल्या, मांडीवर पिशवी घेतली. खुर्ची ढकलणारा माणूस शांतपणे थांबला.

सिक्युरिटीच्या रांगेपाशी आमचं जाणं संपलं. नातीने पापी घेतली, केतकीने डोळे पुसले. मंदार आईच्या पायांशी वाकला. काकूंचे पाय खुर्चीच्या पाय टेकायच्या पावठ्यांवर, अगदी खाली होते, म्हणून तो गुडघ्यांवरच बसला आणि डोकं तिच्या पायांवर टेकवलं. तो उठेचना. पाठ हलत होती.

काकूंनी पिशवी केतकीकडे दिली. पाय पावठ्यांवरून खाली घेतले. हात कुठेही न टेकता त्या खुर्चीतून उभ्या राहिल्या, आणि दोन्ही हात मंदारच्या डोक्यावर ठेवले. "बसून आशीर्वाद द्यायची वेळ अजून आलेली नाही," त्या म्हणाल्या.

मंदारने डोळे पुसले आणि उठायला म्हणून हात वर केला, तिने धरावा म्हणून. बेचाळीस वर्षांचा घोडा, दिवसभर खुर्चीत बसून गुडघे आखडलेला. काकूंचा हात पुढे आला. मी पाहिला. मग त्यांनी तो मागे घेतला आणि पाठीमागे दुसऱ्या हातात घट्ट धरला.

"नाही," त्या म्हणाल्या. "मी परवा मिरजेत असेन. तुझा तू ऊठ बाळा."

तो उठला.